हेझेलचं मत

पहिल्या ठोशाला ट्रॅव्हिस टांगलेल्या हरणावर जाऊन आदळला. दुसरा ओठावर बसला. हरीण मागच्या पायांनी शेडच्या तुळईला बांधलेलं होतं, अर्धं सोललेलं, आणि ते झुलतच राहिलं.

"बोल!" त्याचा बाप डॅरेल ओरडला. "कोणी दिलं ते मत?"

"बाबा, मला नाही माहीत."

"तुला नाही तर कोणाला? कॉलेजात जाऊन शहाणं झालेलं दुसरं कोण आहे गावात?"

केसलर हे नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमधलं गाव एवढंसं, की मतदान बंबखान्यात होतं आणि मोजणी संपली की आकडे पायरीवर उभं राहून मोठ्यानं वाचतात. आख्खं गाव रिपब्लिकन. डेमोक्रॅट मतं दोनच, वर्षानुवर्षं: शेजारचा म्हातारा ऑर्विल आणि त्याची बायको हेझेल. गाव त्यांना चिडवायचं आणि कापणीला मदतही करायचं. हेझेल वसंतात गेली. तरी मंगळवारी पायरीवरून पुन्हा डेमोक्रॅटांची दोन मतं वाचली गेली, आणि तेव्हापासून गुत्त्यावर दुसरा विषय नव्हता. फितूर कोण? डॅरेल तर गावातल्या प्रचाराचा पुढारी. आज सकाळी कोणीतरी त्याला तोंडावर म्हणालं, आधी स्वतःचं घर बघ. तेवढं पुरलं. डॅरेलला डोकं नव्हतं अशातला भाग नाही, पण राग आला की तो हातांनीच विचार करायचा.

त्याची बायको लॉर्ना मांसासाठी घमेलं घेऊन दारात उभी होती. ट्रॅव्हिसनं रक्ताळल्या तोंडानं तिच्याकडे पाहिलं. मतदान करून गाडीत बसल्यावर तिनं त्याला एकट्यालाच सांगितलं होतं, आणि सांगताना पोरीसारखी हसली होती. आता त्यानं नजर काढून घेतली आणि तोंड मिटलं.

लॉर्नाला बोलायचं होतं. पण ते हात तिच्या चांगले ओळखीचे होते.

तिसऱ्या ठोशाला पोरगा खाली बसला. डॅरेलनं त्याला लाथ घातली, कॉलर धरून पुन्हा उभा केला.

तेवढ्यात ऑर्विल आला. हरीण त्याच्या शेतात मारलेलं, म्हणून दरवर्षीप्रमाणे मागची एक तंगडी त्याची. तो लॉर्नाच्या शेजारी थांबला. त्यानं पोराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिचा चेहरा बघून त्याला सगळं समजलं.

"डॅरेल, सोड पोराला," तो म्हणाला. "दोन्ही मतं माझीच आहेत."

"म्हणजे?"

"हेझेलच्या नावानं टपालानं मतपत्रिका आली होती. मी खूण केली, तिची सही ठोकली आणि दिली पाठवून."

हे धादांत खोटं होतं. हेझेलचं नाव यादीतून काढायला ऑर्विल स्वतः कचेरीत गेला होता, आणि त्याला गाडीतून नेलं होतं लॉर्नानंच.

डॅरेलनं पोराची कॉलर सोडली. त्याचा चेहरा सणासुदीसारखा उजळला.

"बोललो नव्हतो मी? किती वर्षं बोंबलतोय, या डेमोक्रॅटांची मेलेली माणसंसुद्धा मतं देतात! गुत्त्यावर हसायचे लेकाचे मला!"

आणि त्याच आनंदात त्यानं ऑर्विलच्या नाकावर ठोसा मारला. हाड मोडल्याचा आवाज झाला. म्हातारा भुश्शावर आडवा झाला, चष्मा कुठल्या कुठे. ट्रॅव्हिस मधे पडला तर त्याच्या बरगडीत बूट बसला. डॅरेलनं धापा टाकत खिशातून फोन काढला आणि पोलीसप्रमुखाचा, शेरीफचा नंबर लावला.

लॉर्नाच्या हातातलं घमेलं पडलं.

"डॅरेल, ते मत माझं होतं."

फोनची रिंग वाजत होती.

"ऐकतोयस का? मी दिलं. माझ्या मनानं, माझ्या हातानं. त्या दोघांचा काही संबंध नाही. मारायचं तर मला मार."

डॅरेलनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याला खरोखरच हसू आलं. "घ्या! आता हिला म्हाताऱ्याचा पुळका." रक्तानं माखलेल्या हातानं त्यानं तिचा गाल थोपटला. मारला नाही, थोपटला, अगदी मायेनं. "तू आत जा, लॉर्ना. जेवणाचं बघ. तुला काय कळतंय त्यातलं?"

"डॅरेल, मी खरंच..."

पलीकडून फोन उचलला गेला. डॅरेलनं ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं.

"शेरीफसाहेब, इथे एका बाईनं मत दिलंय," तो म्हणाला. "हो, मेलेल्या बाईनं. नाही, नाही, शंकाच नको."