दोघींची खलनायिका

मालिकेतली खलनायिका हल्ली घरोघरी वेगळी दिसे. टीव्ही बघणाऱ्याला ओळखे आणि त्याला ज्या लोकांचा संशय, त्यांच्यातलीच ती दाखवी. शेजारच्या झुलेखाला ती कशी दिसते, हे बघायलाच इंदुमती साखर मागायचं निमित्त काढून गेली.

इंदुमती झुलेखाशेजारी सोफ्यावर बसताच टीव्हीने दोघींना ओळखलं. खलनायिकेच्या कपाळावर टिकली उमटली, पुसली गेली. डोक्यावर ओढणी आली, नाहीशी झाली. दोघी एकमेकींकडे बघेनात. शेवटी चेहरा ठरला: रापलेला, हनुवटीवर गोंदण.

"मला हिचा पहिल्यापासूनच संशय होता," इंदुमती म्हणाली.

"मलाही," झुलेखा मोकळेपणी हसली.

दोघींकडे धुणीभांडी करणारी सरसाबाई चहा घेऊन आली. पडद्याकडे नजर जाताच तिने ट्रे ठेवला आणि हनुवटीवरचं गोंदण पदराने झाकलं.

"काय लपवतेस गं?" इंदुमतीने विचारलं.