उघड कोर्टात

अर्ज वाचून सोहनी जज्जांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बाबाराव, आधी चहा घ्या."

जेवणाची सुट्टी होती. चेंबरमध्ये दोघेच होते. बाबाराव पद्मावार जिल्ह्याचे सरकारी वकील, आणि अर्ज त्यांच्याच सहीचा. आबासाहेबांवरचा खुनाचा खटला सरकारला मागे घ्यायचा आहे, कोर्टानं परवानगी द्यावी, एवढाच मजकूर. आबासाहेब दिग्रसकडचे जिनिंगवाले. नेमसिंग नावाच्या हमालावर कापूस चोरल्याचा आळ घेऊन त्यांनी त्याला जिनिंगच्या आवारात मरेस्तोवर मारलं होतं, आणि नेमसिंगच्या बायकोनं ते डोळ्यांदेखत पाहिलं होतं. आता निवडणूक तोंडावर आली होती आणि सत्तेतल्या पक्षानं तिकीट दिलं होतं आबासाहेबांना.

"हे तुमचं मत?" सोहनींनी विचारलं.

"मुंबईहून सचिवांचा फोन आला होता."

"लेखी काही?"

"लेखी कोण देतं, साहेब? म्हणाले, अर्ज तुमचा, मत तुमचं. आम्ही फक्त कानावर घातलं."

सोहनी हसले, पण त्या हसण्यात काही दम नव्हता. कायदा दोघांनाही पाठ होता. खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलानं स्वतःच्या बुद्धीनं घ्यायचा, वरून सांगितलं म्हणून नाही. आणि वरून सांगितलंय हे कोर्टात उघड झालं, तर जज्जानं परवानगी नाकारायची.

"कोर्टात एवढंच म्हणा, की वरचा हुकूम आहे. मी तिथल्या तिथे अर्ज फेटाळतो."

"आणि माझी सरकारी वकिली?"

सोहनींनी चष्मा पुसायला घेतला.

"त्यापेक्षा तुम्हीच फेटाळा ना," बाबाराव म्हणाले. "डोळ्यांनी पाहणारी साक्षीदार बाहेर बसलीय. तेवढं कारण पुरे. माझं नावही घ्यायला नको."

"हायकोर्टासाठी माझं नाव गेलंय," सोहनी कपात बघत म्हणाले. "ते याच सचिवांच्या हातून पुढे जायचंय."

दोघंही भली माणसं होती, हीच खरी पंचाईत. नालायक असती तर चहा गोड लागला असता.

"असं करू," शेवटी सोहनी म्हणाले. "मी तुम्हाला उघड कोर्टात विचारतो. हे मत तुमचं, की कुणाच्या सांगण्यावरून? विचारल्यावर मात्र खोटं बोलू नका."

"विचारलंत तर नाही बोलणार."

कितीतरी दिवसांनी बाबारावांना हलकं वाटलं. आपण होऊन बोलणं म्हणजे बंड. जज्जानं विचारल्यावर खरं सांगणं म्हणजे नुसती नोकरी. सचिवांनाही तसंच सांगता येईल, असं मनाशी जुळवत ते बाहेर आले.

व्हरांड्यात नेमसिंगची बायको लालीबाई भिंतीला टेकून बसली होती. फुलसावंगीकडच्या तांड्यावरून ती आदल्या दिवशीच निघाली होती. बाबारावांना पाहून ती घागरा सावरत उठली.

"साहेब, आज माही साक्ष हाय नं?"

"बस बाई. पुकारा होईल."

पुकारा झाला. मागची बाकं पक्षाच्या माणसांनी भरली होती. आबासाहेब पांढऱ्याशुभ्र खादीत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते, सत्काराला उभं राहावं तसे. सोहनींनी अर्ज हातात घेतला. बाबाराव उठले, त्यांनी घसा साफ केला. उत्तर तयार होतं. वाक्य छोटंसंच होतं, आणि ते बोलल्यावर आपल्याला झोप लागेल अशी त्यांची खात्री होती.

सोहनींनी मान वर केली. बाबारावांकडे नाही, मागच्या बाकांकडे पाहिलं. मग मान खाली घालून त्यांनी स्टेनोला इंग्रजीत निकाल सांगायला सुरुवात केली. सरकारी वकिलांनी हा अर्ज स्वतः विचार करून, सद्हेतूनं केलेला दिसतो. परवानगी दिली आहे. आरोपी मुक्त.

एवढंच. विचारलं काहीच नाही.

बाबाराव उभेच होते. अजूनही बोलता आलं असतं. त्यांचं तोंड कुणी धरलेलं नव्हतं. सोहनींनी वर पाहावं म्हणून ते थांबले, आणि सोहनींनी काही वर पाहिलं नाही. पट्टेवाल्यानं पुढच्या खटल्याचा पुकारा केला, तेव्हा सवयीनं त्यांची मान लवली आणि ते बाहेर पडले.

अंगणात आबासाहेबांच्या गळ्यात हार पडत होते. घोषणा चालल्या होत्या. त्या गर्दीतून वाट काढत लालीबाई बाबारावांपाशी आली.

"साहेब, लोक त्याले हार घालून राह्यले. काहून?"

"सुटला तो. खटला संपला, बाई."

"असा कसा संपला? मले तं कोनं काई इचारलंच नाही."

बाबाराव फार थकले होते. या बाईला निदान एक खरी गोष्ट सांगावी, असं त्यांना मनापासून वाटलं.

"मलाही नाही विचारलं," ते म्हणाले.

लालीबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही, काही समजत नसल्यासारखं.

"तुमाले कायले इचारा लागते, साहेब? तुमीच तं सरकार हा नं?"