शेवटच्या दोन पायऱ्या

"हीच ती. चालण्यावरूनच कळतंय," सोसायटीचे सेक्रेटरी पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई जिना उतरत होती. तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसते राखाडी चौकोन दिसत होते.

मंगळवारी दुपारी राजाध्यक्षांच्या कपाटातून पाटल्या गेल्या होत्या. त्या घरी सुगंधाताई अठरा वर्षं कामाला होत्या, त्यामुळे संशय लगेच त्यांच्यावरच आला.

"अजून स्पष्ट करा ना," राजाध्यक्षबाई कॅमेरेवाल्याला म्हणाल्या.

"नाही होणार, मॅडम. महिनाभराचं रेकॉर्डिंग एकाच डिस्कवर मावावं म्हणून तुमच्या कमिटीनेच क्वालिटी कमी करायला लावली. जे टिपलंच नाही, ते मोठं करून कुठून दिसणार?"

सुगंधाताई पडद्याजवळ सरकल्या. ती बाई डावा हात कठड्यावरून घासत खाली आली आणि शेवटच्या दोन पायऱ्या सोडून तिने उडी मारली. त्या उडीपायी सुगंधाताईंनी एका लहान मुलीला कितीदा तरी धपाटे घातले होते.

"बाई, ही आपली रेवती आहे," त्या हळूच म्हणाल्या.

राजाध्यक्षबाईंनी ते चित्रण पुन्हा लावायला सांगितलं. आपल्या मुलीची ती उडी त्यांनी दोनदा पाहिली. मग त्या कॅमेरेवाल्याकडे वळल्या.

"यात काहीच नीट दिसत नाही. पुसून टाका ते."

सुगंधाताईंकडे न बघताच त्या पुढे म्हणाल्या, "आणि तू उद्यापासून येऊ नकोस."