चांगल्या दाढा
कानापुढच्या दुखण्यानं बयाबाई वर्षभर हैराण होती. भाकरी चावताना जबडा कटकन वाजायचा. हंबीररावांनी बायकोला गारगोटीच्या बाजारातल्या दात काढणाऱ्यापुढं बसवलं आणि त्यानं खालच्या चार दाढा उपटल्या. तरी दुखणं तसंच राहिलं, तोंडही पुरतं उघडेना. शेवटी दोघं एसटीनं कोल्हापूरला दातांच्या डॉक्टरांकडं आली. डॉक्टरांनी कानांपुढं बोटं टेकवून तिला तोंड उघडायला, मिटायला लावलं. “दुखणं जबड्याच्या सांध्याचं आहे. सांध्यावरचा ताण कमी करायला दातांवर पट्टी बसवली असती, पण ती टेकायला मागं दाढाच नाहीत. आता आधी कवळी करू, वेळ लागेल. दाढा किडल्या होत्या का?” “न्हाय,” हंबीरराव म्हणाले. “ती नगं म्हणत हुती. मीच काढाय लावल्या.” जिना उतरताना ते मधल्याच पायरीवर बसले. बयाबाई शेजारी टेकून म्हणाली, “अवं, लेकींनी इचारलं तर दाढा किडल्या हुत्या म्हणूनच सांगायचं.”