रोजचं मागणं

सुधारगृहात मुलींना केस कापायला शिकवणाऱ्या बाई वर्गाआधी डोळे मिटून हात जोडायच्या. “बाईंचा वर फोन लागला!” मुली खिदळायच्या. एके दिवशी सगळ्यांत तापट पोरीने चिडून कात्री भिरकावली. बाईंच्या कपाळातून रक्त आलं. अधीक्षक धावत आले. “कुणी केलं?” “हिने,” बाई म्हणाल्या. “देवासमोर उभी राहते मी, खोटं बोलणार नाही.” पोरीला वाटलं, आता इथूनही हकालपट्टी. “पण उद्याही हिला मीच शिकवणार, अगदी शेजारी घेऊन. हेही खरंच सांगतेय.” अधीक्षक मान हलवत गेले. आजवर खरं कळल्यावर पोरीला कुणीच ठेवून घेतलं नव्हतं. तिने कापूस भिजवून बाईंच्या जखमेवर धरला. “राग नाही आला?” “आला की! पण सकाळीच देवाकडे संयम मागून ठेवला होता.” “मागून मिळतो?” “मिळतो गं. रोज मागावा लागतो, एवढंच.”