ऐसपैस

कासुर्डीच्या नवनाथचा धंदा पोल्ट्रीचा, त्यामुळं कुठलीही जागा बघितली की तिथं किती पक्षी मावतील, हे त्याला आधी दिसायचं. लेकीच्या, वैष्णवीच्या ॲडमिशनसाठी तो तिला घेऊन पुण्यातलं एक कॉलेज बघायला गेला, तर ते बँकेच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. पोरंपोरी जिन्यातच दाटीवाटीनं बसून डबे खात होती.

"ह्याला काय कॅम्पस म्हणायचं?" नवनाथ भडकलाच. "माझ्या शेडात कोंबड्या ह्यापरीस ऐसपैस राहत्यात. माझी पोर गुदमरून जाईल हितं."

"आप्पा, मला आवडलं हे," वैष्णवी म्हणाली, पण तोवर तो निम्मा जिना उतरलासुद्धा होता.

मग दोघं हायवेलगतच्या एका नव्या विद्यापीठात गेली. दीडशे एकर, मधोमध तळं, रस्त्याला दुतर्फा झाडं आणि पोरांसाठी सायकलींची लांबलचक रांग. नवनाथचा जीव हरखला. "हे बघ, ह्याला म्हंत्यात कॅम्पस! आता हिंड कुठं हिंडायचं ते," म्हणत त्यानं दोन्ही हात पसरले. वैष्णवीनंही हळूच एका सायकलची घंटी वाजवून बघितली.

जुलैत तो तिला हॉस्टेलवर सोडायला आला. गाद्या, बादली, लाडवांचा डबा, सगळं खोलीत नीट लावून दिलं. निघताना मात्र रेक्टरबाईंच्या दारात थांबला आणि हात जोडून म्हणाला,

"मॅडम, तेवढं ध्यान ठेवा. खोलीतनं वर्गात आन् वर्गातनं खोलीत. मधी कुठं सोडू नका पोरीला."