तालातो मावशीचा हात

माणूस रस्ता विसरतो, जीभ कधीच विसरत नाही. हे त्रिकालाबाधित सत्य सेलेस्तँ झेर्बोंनी बोबो-जुलासोच्या जुन्या मातीच्या मशिदीसमोर सायकल थांबवून सांगितलं. सकाळपासून ते त्याच मशिदीसमोर तिसऱ्यांदा थांबले होते.

"मग हँडल जिभेच्याच हातात द्या," इद्रिसा काफांदो म्हणाला.

मागे सायकल मंडळाचे सभासद तांबड्या धुळीने माखून उभे होते. शुक्रवारी वागादुगुहून बसच्या टपावर सायकली टाकून सगळे दोन दिवसांसाठी आले होते. दिवसभर सायकल हाणायची, दिसेल तिथे खायचं, एवढाच कार्यक्रम. झेर्बो मंडळाचे अध्यक्ष. कॉलेजात असताना ते बोबोत राहिले होते. तेव्हा तालातो मावशीच्या आंब्याखालच्या खानावळीत निखाऱ्यावरची गावठी कोंबडी त्यांनी जी खाल्ली, तेव्हापासून तीस वर्षांत दुसऱ्या एकाही कोंबडीला पास केलं नव्हतं. आज ती सगळ्यांना खिलवायची होती. नाही जमलं, तर गळ्यातली अध्यक्षाची शिट्टी काफांदोच्या गळ्यात घालीन, असं बसमध्ये चारचौघांत बोलून बसले होते. आणि काफांदो अध्यक्ष झाला, तर पुढची सहल गारेगार बसमधून थेट हॉटेलात जाणार होती. सायकली घरी.

झेर्बो सामो, काफांदो मोसी. दोघं एकाच ऑफिसात, आणि तिथल्या फ्रेंचमध्ये एकमेकांना 'महाशय' म्हणत. ऑफिस सुटलं की जमातीचं खरं नातं सुरू होई, आणि ते थट्टेचं. सामोने मोसीला वाटेल ते बोलावं, मोसीने सामोला. जो रागावला तो हरला. लग्न असो की मयत, समोरच्या जमातीच्या कुणीतरी येऊन चार शिव्या घातल्याशिवाय कार्य पार पडलं असं कुणी मानत नाही.

"गप रे गुलामा," झेर्बो म्हणाले. "माझ्या आजोबांनी तुझ्या आजोबांना अर्ध्या गाढवाच्या बदल्यात घेतलं होतं."

"आणि उरलेलं अर्धं नातवाच्या डोक्यात ठेवलं."

तेवढ्यात झेर्बोंनी नाक वर केलं. गल्लीच्या टोकाला धूर होता. "ते बघा! तेच आंब्याचं झाड!"

"बोबोत आंब्याशिवाय दुसरं झाड कुठाय?" काफांदो पुटपुटला. पण अध्यक्ष पुढे गेले होते.

झाडाखाली मांडव होता. खुर्च्या भरलेल्या, पातेल्यांतून वाफा निघत होत्या. वाढणाऱ्या सगळ्यांच्या अंगावर एकाच निळ्या छापाचं कापड.

"पाहिलंत? वाढप्यांना गणवेश! मावशीने धंदा वाढवलाय."

काफांदोने मांडवाकडे नीट पाहिलं आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. झेर्बोंनी हात वर केला. अध्यक्ष बोलत असताना सभासद बोलत नाहीत. मावशी मोसी होती आणि कॉलेजच्या दिवसांत झेर्बो तिच्या दारात ज्या आरोळीने शिरत, तीच त्यांनी ठोकली.

"ए म्हातारे! सामो आलाय जेवायला! जिवंत आहेस अजून, की सुटलो आम्ही?"

मांडवातल्या सगळ्या माना गर्रकन वळल्या. मग कोपऱ्यातले एक आजोबा खुदकन हसले आणि पाठोपाठ सगळा मांडव हसत सुटला. "सामो आला! बसवा त्याला!" खुर्च्या आल्या. भेंडीच्या रश्शाबरोबर बाजरीचा गोळा आला. कोंबडी आली.

झेर्बोंनी तंगडीचा तुकडा तोडला आणि डोळे मिटले. नुसतं 'हीच ती' म्हटलं असतं तरी शिट्टी वाचली असती. पण जिभेशी बेइमानी त्यांच्या रक्तात नव्हती.

"नाही," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "हा तो हात नाही. मीठ कमी, धूर जास्त. ही कोंबडी कापलेली नाही, म्हातारपणाने गेलेली आहे. बोलवा तिला बाहेर! तोंडावर सांगतो!"

लोक हसता हसता डोळे पुसू लागले. निळ्या कापडातली एक बाई पुढे आली आणि तिने झेर्बोंचा हात दोन्ही हातांत धरला.

"कुठून बोलावू, दादा? आईचंच तर कार्य आहे. हे निळं कापड आम्ही घरच्यांनी त्यासाठीच शिवलंय."

झेर्बोंची तंगडी हातातच राहिली.

"सकाळपासून वाट बघतोय. गल्लीतला सामो परगावी गेलाय. आई म्हणायची, सामोच्या शिव्या खाल्ल्याशिवाय मी इथून हलायची नाही. तुम्ही आलात. आता ती सुटली."

काफांदो त्यांच्या कानाशी वाकला. त्याच्या आवाजात आज पहिल्यांदाच थट्टा नव्हती. "थांबू नका, अध्यक्ष. बोला."

झेर्बो उठले. "गेली? मला न विचारता?" ते गरजले. "तीस वर्षं मी उपाशी, आणि ही कामचुकार ऐन जेवणाच्या वेळेला पळाली? मोसीच ती! देवाच्या घरीसुद्धा उधारीवर जेवायला बसली असेल!" डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज तसूभर ढळला नाही. ढोल वाजू लागला. झेर्बोंनी गळ्यातली शिट्टी काढली आणि सगळ्यांदेखत काफांदोच्या गळ्यात घातली.

"तो हात गेला, मी पैज हरलो. घे, गुलामा."

टाळ्या पडल्या. इतक्या ताठ मानेने त्या मंडळात कुणी आजवर जिंकलंसुद्धा नव्हतं.

हात धुवायला ते मागच्या अंगणात गेले. तिथे एक म्हातारी पाठमोरी बसून पातेलं खरवडत होती.

"मीठ कमी काय रे, झेर्बो?" ती मान न वळवता म्हणाली. "कॉलेजात होतास तेव्हा खारट म्हणायचास."

बाहेर नव्या अध्यक्षांनी शिट्टी वाजवली.

तालातो मावशीची खानावळ पुढच्या आंब्याखाली होती. शेजारीण वारली म्हणून ती आज बंद होती, आणि मांडवातली सगळी कोंबडी पहाटेपासून मावशीनेच भाजली होती.